मोडशी

गेल्या वर्षी आषाढात पावसाने सलग आठ-दहा दिवस धरून ठेवले होते, आणि त्याच दिवसांत माझ्या आईला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. ती ८४ वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी तिला उभे राहणेही जमेना, तेव्हा मी तिला गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यातल्याच एका दवाखान्यात घेऊन गेले. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी तिच्या मनगटावर हात ठेवून आपुलकीने विचारले, "आजी, काय होतंय?" आईने डोळे न उघडताच एका शब्दात उत्तर दिले, "मोडशी." डॉक्टरांना शब्द कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी लगेच म्हणाले, "अपचन झालंय म्हणतेय ती." त्यांनी कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, ओआरएसची पाकिटे दिली, लघवी होते की नाही याकडे लक्ष ठेवायला सांगितले. उपचार योग्यच होता, आणि तिसऱ्या दिवशी आई उठून बसली.

परंतु घरी येताना रिक्षात माझे मन त्या एका शब्दाभोवती घोटाळत राहिले. मी केलेले भाषांतर आमच्या घरात कोणीही केले असते, आणि तरीही ते मला अपुरे वाटू लागले. "मोडशी" म्हणताना आईच्या चेहऱ्यावर जे होते ते "अपचन" या शब्दात मुळीच नव्हते. पुढचे काही महिने मी या शब्दाचा माग काढला, पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दुपार-दुपार बसून वाचले, आणि जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवावे असे मनापासून वाटते म्हणून हे लिहीत आहे.

आमच्याकडे मोडशी म्हणजे पावसाळ्यात अन्न न पचल्यामुळे पोट बिघडणे, मळमळणे, एक-दोन उलट्या होणे, अंगातले त्राण जाणे. कोणी लग्नात जास्त जेवले, कोणी भिजून आल्यावर गार पाणी प्यायले, की घरातली वडीलधारी बाई निदान करून मोकळी होते: "मोडशी जाल्या ताका, पेज दी." निदानाबरोबरच उपचारही त्याच वाक्यात येतो. त्यासाठी दोतोराकडे कोणी धाव घेत नाही. घरच्या घरी येऊन घरच्या घरीच जाणारे असे हे दुखणे आहे, निदान मी लहानपणापासून तरी तसेच समजत आले.

शब्दाच्या पोटात मात्र "मोडणे" हे क्रियापद बसलेले आहे. मराठीत या क्रियापदाचा संसार फार मोठा आहे. घर मोडते, लग्न मोडते, बाजार मोडतो, पायात काटा मोडतो, शंभराची नोट मोडते आणि ताप येण्याआधी अंग मोडून येते. या सगळ्यांत एक समान गोष्ट अशी की जे आतापर्यंत एकसंध उभे होते ते उभे राहत नाही. युल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात मोडशीचा उगम मराठी-कोकणी असल्याचे म्हटले आहे, आणि "मोडणे" म्हणजे शरीराचे कोसळणे असा अर्थ लावला आहे. हे वाचताना मी थांबले. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज डॉक्टर पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, शेवटच्या अवस्थेला जो शब्द वापरत, त्याचाही अर्थ कोसळणे असाच होता. म्हणजे एका अपचनाच्या नावात, त्याला मुळीच न शोभणारी एक भयंकर गोष्ट दडलेली होती.

पटकी, वाखा, जरीमरी, महामारी ही मराठीतली त्या रोगाची इतर नावे. आयुर्वेदाने त्याला विषूचिका म्हटले, कारण अजीर्णातून प्रकुपित झालेला वायू सुयांनी टोचल्यासारखे अंग टोचतो असे वैद्यांनी वर्णन केले आहे. विषूचिका हा वैद्याचा शब्द, जरीमरी हा देवळातला. मोडशी हा मला अंथरुणावर पडलेल्या माणसाचा शब्द वाटतो, कारण "मी मोडलो" एवढेच ते माणूस सांगते.

या शब्दाची गोव्यातली जी जुनी नोंद मी वाचली ती १५४३ सालची आहे. गास्पार कोरेया हा १५१२ पासून भारतात असलेला पोर्तुगीज लेखक. त्याच्या बखरवजा ग्रंथाचे हस्तलिखित तीनशे वर्षे अप्रकाशित राहिले आणि एकोणिसाव्या शतकात लिस्बनला छापले गेले. त्यात तो लिहितो की त्या "हिवाळ्यात" गोव्यात एक प्राणघातक आजार पसरला, ज्याला इथले लोक "मोरिशी" म्हणतात. हा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा, कारण इथले पोर्तुगीज जूनपासूनच्या ओल्या, बंद दिवसांना हिवाळाच म्हणत. अंगावर पिणाऱ्या मुलापासून ८० वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत, लठ्ठ आणि किडकिडीत, आजारी आणि धडधाकट अशा कोणालाही तो सोडत नव्हता. उलट्या, न शमणारी तहान, मांड्यांना आणि तळपायांना येणारे गोळे, हातापायांची काळी पडलेली नखे, हे सारे त्याने लिहून ठेवले आहे. डोळ्यांसाठी त्याने वापरलेले विशेषणही "मोडलेले" याच अर्थाचे आहे. शंभरातले दहाही वाचत नव्हते, आणि रोगी एका दिवसात, फार तर एका दिवसरात्रीत जात असे.

या वर्णनातल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली घंटांची. मेलेल्यांसाठी दिवसभर चर्चच्या घंटा वाजत राहिल्या, आणि लोकांचा धीर सुटू नये म्हणून गव्हर्नरने, तेव्हा मार्तिम आफोंसो द सौझा हा गव्हर्नर होता, घंटा वाजवायलाच बंदी केली. हे वाचल्यावर मी पावसात मुद्दाम जुन्या गोव्याला गेले. आज तिथे उभ्या असलेल्या से कॅथेड्रलचे बांधकाम त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १५६२ मध्ये सुरू झाले, म्हणजे मी ऐकलेली घंटा त्या साथीची नव्हे. तरीही ओल्या लाल मातीत उभी राहून ती ऐकताना, वाजायची थांबवलेली घंटा गावाला किती ऐकू आली असेल हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. दुसरी गोष्ट शवाची. इस्पितळात या रोगाने मेलेल्या एका माणसाचे शरीर गव्हर्नरने सर्व जाणकारांना एकत्र बोलावून उघडायला लावले. आत काहीही वावगे आढळले नाही. फक्त पोट कोंबडीच्या पेटीसारखे आकसलेले आणि भाजलेल्या कातड्यासारखे सुरकुतलेले होते. तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून वाहून नेणारा रोग आतड्यांत जखम न करता माणसाला आतून सुकवतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या माणसांनी जे पाहिले ते खरेच होते, फक्त ते कशाचे चिन्ह आहे हे कळायला अजून तीनशेहून अधिक वर्षे जायची होती.

त्यानंतर वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गोव्यातल्याच छापखान्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांविषयीचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. पणजीच्या चर्चजवळच्या ज्या बागेत आम्ही कॉलेजच्या दिवसांत बसत असू, तिला याच ओर्ताचे नाव आहे. तो १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६८ मध्ये इथेच वारला. ज्यू कुळातला म्हणून त्याच्या मरणानंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली. मी त्याचा ग्रंथ मार्कहॅम यांच्या १९१३ सालच्या इंग्रजी भाषांतरातून वाचला. सतराव्या संवादात दोन मित्र उपलेट या औषधी मुळीविषयी बोलत बसलेले असताना एक नोकर धावत येतो: मालकाचा भाऊ आजारी आहे, ही भेटीची वेळ नव्हे, पण उशीर झाला तर जिवावर बेतेल. काय झाले आहे आणि किती वेळ झाला, असे ओर्ता विचारतो. नोकर सांगतो की मोर्शी झाली आहे, दोन तास झाले. चारशे साठ वर्षांपूर्वीच्या त्या पानावर मला माझ्या आईचा शब्द भेटला, आणि तोही तशाच एका वैद्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून.

मित्राला समजावताना ओर्ता म्हणतो की आमच्याकडे याला "कोलेरिका पासिओ" म्हणतात, भारतीय "मोर्शी" म्हणतात आणि आम्ही तोच शब्द बिघडवून "मोर्देशी" म्हणतो. ही कबुली मला फार मोलाची वाटते. आपण ऐकताना चुकतो, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या भाषेतला एक माणूस छापून सांगतो आहे.

ती चूक कशी झाली असेल हे पेडण्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पोर्तुगीज कानाला आपला "ड" अनोळखी होता. आमच्या पेडणेचे त्यांनी पेर्नेम केले, "ड"च्या जागी "र" आला आणि शेवटी एक अनुनासिक चिकटला. पणजीचे पांजीम झाले, डिचोलीचे बिचोलीम. त्याच कानाने मोडशीची मोर्शी झाली, आणि पुढे तीच मोर्देशी आणि मोर्देशीम झाली. आमच्या रेल्वे स्थानकाच्या इंग्रजी पाटीवर आजही जे घडलेले दिसते तेच या रोगाच्या नावाला घडले आहे. पोर्तुगीजमध्ये "मोर्देर" म्हणजे चावणे. ओळखीचा आवाज सापडला म्हणून त्यांनी हा शब्द असा घट्ट धरून ठेवला असावा, असा माझा आपला तर्क आहे.

पुढचा प्रवास मात्र तर्काचा नाही. १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस असलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने "मोर्देशीन" माणसाला गुपचूप गाठते आणि पोटातले सगळे, पुष्कळदा प्राणही, बाहेर टाकायला लावते असे लिहिले. सतराव्या शतकात फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या लिखाणात ते "मोर्डिशीन" झाले. फ्रेंचांच्या कानी पडेपर्यंत त्याचे "मोर द शियाँ" झाले, आणि फ्रेंचमध्ये त्याचा सरळ अर्थ होतो कुत्र्याचे मरण. दक्षिण भारतातले इंग्रज डॉक्टर अठराव्या शतकात हेच फ्रेंच रूप वापरू लागले. १८१३ च्या एका इंग्रजी वैद्यकीय ग्रंथात, मोर द शियाँ म्हणजे कॉलरा मॉर्बसचीच सर्वांत तीव्र अवस्था, असा खुलासा करावा लागला आहे. "कुत्र्याच्या मौतीने मरणे" हा वाक्प्रचार मराठीतही आहे, परंतु आपण तो कधी रोगाला लावला नाही. तो आपल्याच शब्दाला, परक्या तोंडून, लागला. या सगळ्या रूपांची नोंद एका गोंयकाराने करून ठेवली आहे याचा मला अभिमान वाटतो. बार्देशातल्या आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांच्या कोशाचे दोन खंड १९१९ आणि १९२१ मध्ये निघाले. मला पोर्तुगीज मोडकेतोडकेच येते, तरी शब्दकोश शेजारी घेऊन मी ती नोंद वाचून काढली.

आता या लेखाच्या गाभ्याशी येते. ओर्ताने एकाच वाक्यात शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन शब्दांचे पुढे काय झाले ते पाहावे. कॉलरा हा मूळ ग्रीक शब्द, आणि त्याचे नाते पित्ताशी लावले जाते. प्राचीन ग्रीक वैद्य तो उलट्या-जुलाबांच्या नेहमीच्या, ऋतुमानाने होणाऱ्या दुखण्यासाठी वापरत, ज्यात माणूस बहुधा बरा होई. पित्त भडकले की राग येतो या जुन्या समजुतीमुळे पोर्तुगीजमध्ये आजही "कोलेरा" म्हणजे संतापही होतो आणि रोगही. हा शब्द म्हणजे जवळजवळ आपण आज जिला मोडशी म्हणतो तीच. मोडशी मात्र तेव्हा गोव्याच्या घंटा थांबवणारा शब्द होता. १८१७ मध्ये बंगालात जेसोर भागात साथ उफाळली, पुढे ती देशोदेशी पसरली, आणि १८३२ पर्यंत लंडन-पॅरिसपर्यंत जाऊन पोचली. त्या भीतीला नाव देताना जगाने हा सौम्य ग्रीक शब्द उचलला. हळूहळू तो इतका काळवंडला की त्याचा जुना अर्थ कोणाला आठवेना. सरकारी हुकूम, लशीची मोहीम, विहिरीत टाकायची पावडर, वर्तमानपत्रातली बातमी, सगळीकडे कॉलराच आला. आपल्या बोलीतून पटकी आणि वाखा शिव्याशापांत गेले, आणि मोडशी स्वयंपाकघरात येऊन बसली. एक शब्द जिना चढत गेला आणि दुसरा उतरत आला. ओर्ताच्या त्या वाक्यात ते दोघे जिन्याच्या एकाच पायरीवर क्षणभर उभे होते.

असे का झाले असावे? मला वाटते, भीती ज्या नावाने सरकारदरबारी नोंदली जाते त्याच नावाला चिकटते, आणि जुन्या नावापाशी उरतात ती फक्त रोगाची घरगुती लक्षणे: पाऊस, जड जेवण, मळमळ, अंगातले त्राण जाणे. ओर्तानेही जून-जुलै हे या रोगाचे वाईट महिने आणि अतिखाणे हे त्याचे कारण म्हटले होते. जंतू कोणालाच माहीत नव्हता. इटालियन शास्त्रज्ञ पाचिनीने तो १८५४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि जर्मन शास्त्रज्ञ कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात ते काम पूर्ण केले. रोग ओसरल्यावर पाऊस आणि जड जेवण तेवढे मागे राहिले, आणि शब्दाने त्यांच्याशीच घरोबा केला.

उपचारांची गोष्टही शब्दाच्या गोष्टीइतकीच जवळची आहे. इथले लोक काय करतात हे ओर्ताने लिहून ठेवले: भाताची पिळून काढलेली पेज, मिरी आणि जिरे घालून, जिला "कांजी" म्हणतात, ती पाजतात. पायांना डाग देतात. गोळे येतात म्हणून हातपाय घट्ट बांधतात. जे थोडे वाचले ते इथल्या लोकांच्या साध्यासुध्या औषधांनी वाचले, असे कोरेयानेही म्हटले होते. एकोणिसाव्या शतकात युरोपीय डॉक्टर, आधीच सुकलेल्या रोग्याचे रक्त काढत होते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेले पाणी पाजायला सुरुवात केली, आणि तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात ग्लुकोज मिठाला, आणि मीठ पाण्याला, आत ओढून घेते, हे त्यामागचे शास्त्र. भाताच्या पिठापासूनही तेच ग्लुकोज सुटते, म्हणून पुढे तांदळाची ओआरएसही तयार झाली आणि कॉलऱ्यात ती चांगली ठरली. ओर्ताच्या त्या वाक्यात मिरी आणि जिरे आहे, मीठ लिहिलेले नाही. आमच्या पेजेत ते नेहमीच असते, त्याशिवाय खाऱ्या कैरीची फोडही असते. त्या वेळच्या रोग्याला मीठ मिळत होते की नाही, यावर किती जीव अवलंबून असतील हा विचार मला अस्वस्थ करतो. पेज प्यायल्याने सगळे वाचत होते असे मी म्हणणार नाही, शंभरातले नव्वद जातच होते. परंतु पाणी, भात आणि बिछान्याशेजारी बसलेले माणूस ही दिशा चुकीची नव्हती. ती कांजी पोर्तुगालला गेली आणि तिथे "कांजा" झाली. आजही तिथे आजारी माणसाला कोंबडी घातलेली भाताची पातळ कांजा देतात.

डाग देण्याचा उल्लेख वाचताना मात्र माझ्या हातातले पुस्तक मिटले गेले. फ्रायरनेही मोर्डिशीनमध्ये इथे निर्दयपणे डागतात असे लिहिले आहे. सतराव्या शतकात गोव्यात इन्क्विझिशनच्या कैदेत राहिलेला फ्रेंच डॉक्टर देलाँ हा तापलेल्या सळईने टाच डागण्याविषयी सांगतो. माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, उजव्या टाचेवर रुपयाएवढा एक गोल, गुळगुळीत, फिकट डाग होता. लहानपणी तिचे पाय चेपताना मी त्यावर बोट फिरवत असे आणि तो काट्याचा डाग असेल असे समजत असे.

हे वाचले त्या आठवड्यात मी आईला विचारले. ती तेव्हा अंगणाकडे तोंड करून ओट्यावर बसून पेज पीत होती, बाहेर पाऊस उतरला होता. तिने वाटी खाली ठेवली आणि आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. आजी सात-आठ वर्षांची असताना एका पावसाळ्यात त्यांच्या वाड्यावर मोडशी आली होती. दोन दिवसांत आजीचा धाकटा भाऊ आणि एक चुलती गेली. तिसऱ्या रात्री आजीला सुरू झाले, तेव्हा तिच्या वडिलांनी विळा तापवून टाच डागली आणि आईने रात्रभर चमच्याने पेजेचे पाणी घातले. ती जगली. पुढे आयुष्यभर, कोणाचे साधे पोट बिघडले तरी, आजी हा शब्द खालच्या आवाजात उच्चारायची आणि त्या दिवसांत आम्हा मुलांना शेजारच्या घरी जाऊ देत नसे, हे मला आता आठवले.

"मग तू त्या दिवशी डॉक्टरांना मोडशी म्हणालीस ती कुठली?" मी विचारले.

आईने वाटी पुन्हा उचलली. "ती मोडशी वेगळी, ही वेगळी," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण सुरू झाली तेव्हा मला ठाऊक कुठे होतं, कुठली ती."